भूगोलसरांना मिळालेला जाहीर पाठिंबा

भूगोलसरांना जन्मभर कुणाचाही विरोध सोसला असता. विरोधाची त्यांना घरात आणि शाळेत दोन्हीकडे चांगली सवय होती. पाठिंबा मात्र त्यांना झेपला नाही.

सुरुवात झाली ती भिंतीवरच्या एका रेघेवरून. शाळा नदीकाठची, जुनी, दोन मजली. काही वर्षांपूर्वी नदी एकदा शाळेत येऊन गेली होती आणि जाताना तळमजल्यावर बालवर्गाच्या चारी भिंतींवर एक मातकट रेघ ठेवून गेली होती. इतकी सरळ रेघ शाळेतल्या एकाही चित्रकलाशिक्षकाला ओढता आली नाही, असं हेडसर पाहुण्यांना कौतुकानं सांगत. मोठ्या माणसाच्या ती कमरेला लागे आणि बालवर्गातल्या मुलांच्या कपाळाला. मुलं तिला 'पाण्याची रेघ' म्हणत. अधूनमधून सगळी भिंतीला पाठ लावून उभी राहत आणि ज्याचं डोकं रेघेच्या वर निघे तो त्या दिवशी कुणाशी धड बोलत नसे.

बालवर्गाच्या बाई म्हणजे भूगोलसरांच्या पत्नी. शाळेत दोघं एकमेकांना 'सर' आणि 'बाई' म्हणत आणि तिथे अर्धवट राहिलेलं भांडण घरी नेऊन 'अहो' आणि 'अगं' करत पुरं करत. बाईंचं म्हणणं साधं होतं. पाऊस थोडा जास्त झाला की वर्गाच्या कोपऱ्यातल्या मोरीतून पाणी उलटं वर येतं. मुलं दुपारी सतरंजीवर झोपतात. वरच्या मजल्यावर मोडक्या बाकांनी भरलेली एक खोली आहे. ती रिकामी करा आणि बालवर्ग वर न्या. झालं.

आता हे 'झालं' भूगोलसरांना मानवणारं नव्हतं. एक वर्ग एका जिन्यानं वर नेणं हे काम त्यांच्या मते शिपायाचं होतं. विचार करणाऱ्या माणसानं प्रश्नाच्या मुळाशी जायला हवं. नदी का चढते, पाऊस का बिघडला, ऋतू का सटकले, हे मुलांना शाळेतच शिकवायला हवं, आणि एका शाळेत नाही, सगळ्या शाळांत. हवामान बदल हा विषय दर आठवड्याला एक तास. त्यांनी पहिला धडा लिहूनही काढला. तो त्या रेघेपासून सुरू होत होता. मुलांनी रेघेला पाठ लावून उभं राहायचं, आपल्या अंगावर पाणी कुठवर येतं ते हातानं दाखवायचं आणि मग सरांनी विचारायचं, पुढच्या वेळी कुठवर येईल? धडा खरंच चांगला होता. बाईंनी भांडी घासता घासता तो पूर्ण ऐकला.

"धडा छान आहे हो," त्या म्हणाल्या, "पण आधी पोरं वर न्या आणि मग खुशाल शिकवा."

"अगं, एकदा हा विषय लागू झाला की पोरं आपोआप वर जातील. सगळ्या शाळांतली जातील."

आपोआप या शब्दावर भूगोलसरांचा फार विश्वास होता. त्यांच्या घरातली कुठलीच गोष्ट आपोआप होत नसे, ती बाई करत, पण हे त्यांच्या लक्षात यायचं राहून गेलं होतं.

हेडसर म्हणाले, कल्पना उत्तम आहे. हेडसरांनी एखाद्या कल्पनेला उत्तम म्हटलं की ती मेली असं शिक्षकांच्या खोलीत समजत. अभ्यासक्रमाबाहेरचा विषय, तेव्हा वरून परवानगी लागणार. वर म्हणजे शिक्षण कार्यालयात. तिथल्या पहिल्या टेबलानं सांगितलं की हवामान हे काही आमच्याकडे येत नाही, त्याचं खातं वेगळं. दुसऱ्या टेबलानं सांगितलं की शाळा आमच्याकडे येते, पण बदल आमच्याकडे येत नाही, बदल करायचा तर धोरण लागतं. तिसऱ्या टेबलामागचा माणूस जागेवर नव्हता, त्याच्या खुर्चीवर त्याचा कोट होता, आणि भूगोलसरांनी बराच वेळ त्या कोटाशी अदबीनं बसून काढला. शेवटी कुणीतरी दया येऊन सांगितलं, की हे असं सरळ होत नसतं. लोकप्रतिनिधींचा पाठिंबा आणा. पाठिंबा असला की कागद पळतात.

शेजारी एक निवृत्त हेडक्लार्क राहत. सल्ला देण्यासाठी ते दुपारपासूनच जिन्यात खुर्ची टाकून बसत, म्हणजे वर जाणारा आणि खाली येणारा कुणीही निसटू नये. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "एकाचा पाठिंबा घेऊ नका. एकाचा घेतलात की दुसऱ्याचा विरोध फुकट मिळतो. दोघांचा घ्या. आणि घ्यायला जाताना कोट घालून जा."

भूगोलसरांकडे लग्नातला एक कोट होता. त्याची बटणं आता लागत नव्हती, पण आतला खिसा शाबूत होता. या खिशाचा पुढे संबंध येणार आहे.

नगरपालिकेत सत्तेवर होते ते साहेब. त्यांचा नदीकाठच्या प्लॉटांचा धंदा होता आणि उरल्या वेळात ते लोकांची सेवा करत. भूगोलसरांनी सगळं भाषण पाठ करून नेलं होतं, पण दुसऱ्या वाक्यालाच साहेबांनी हात वर केला आणि पाठिंबा देऊन टाकला. नुसता नाही, जाहीर. भूगोलसरांना एकदम हलकं वाटलं, आणि जरा अपमानही. इतकी तयारी करून गेलेल्या माणसाला निदान एक शंका तरी विचारावी. साहेबांची एक छोटीशी सूचना होती. त्या नावातला 'बदल' तेवढा काढा. बदल ही विरोधकांची घोषणा आहे, गावभर भिंतीवर लिहून ठेवलीय त्यांनी. 'हवामान विकास' म्हणा.

विरोधी बाजूला होत्या त्या ताई. ताईंनी साहेबांनी पाठिंबा दिला हे ऐकताच दुप्पट पाठिंबा दिला. त्यांचीही एक सूचना होती. 'बदल' हा शब्द मोठ्या अक्षरात घ्या, लाल रंगात. भूगोलसर दोन्हीकडे मान डोलावून आले आणि एका आठवड्यात त्यांची अशी पंचाईत झाली की विषयाचं नाव विचारलं तर ते खोकायला लागत. अखेर हेडक्लार्कांनी जिन्यातून तोडगा काढला, 'हवामान : काल, आज आणि उद्या'. यात उद्या काय होणार याला कुणी बांधील नव्हतं, त्यामुळे दोन्ही बाजूंना ते पसंत पडलं.

मग साहेब शाळा बघायला आले. सोबत बरीच माणसं होती, त्यातली अर्धी पुढे चालत दारं उघडत होती. भूगोलसरांनी साहेबांना थेट बालवर्गात नेलं, कारण धडा तिथे होता. मुलं भिंतीला पाठ लावून उभी राहिली. एका चुणचुणीत मुलीनं कपाळावर हात ठेवून दाखवलं, की पाणी इथपर्यंत येतं. तिला दोन दात नव्हते, म्हणून वर्गात तिला सगळे 'बोळकी' म्हणत. साहेब तिच्याकडे बघून हसले, मग रेघेकडे बघितलं आणि हसू थांबलं.

"हे काढून टाका," साहेब म्हणाले. "बाहेरगावचे लोक इकडे जागा बघायला येतात. पोरांची शाळा बघतात आधी. भिंतीवर हे असलं दिसलं तर कोण राहील इथे?"

भूगोलसरांनी सांगायचा प्रयत्न केला की धडा या रेघेवरच उभा आहे. साहेब समजूतदार माणूस. त्यांनी भूगोलसरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, की तुम्हाला एक रेघ पाहिजे का सगळ्या शाळा पाहिजेत? खांद्यावर असा हात असताना माणसाला विचार करणं जड जातं. भूगोलसर म्हणाले, सगळ्या शाळा. रंगारी दुसऱ्याच दिवशी आला. ताईंना वाटेत गाठून विचारलं तर त्याही म्हणाल्या की रंग द्यायला काहीच हरकत नाही. ताईंच्या भावाचेही प्लॉट होते, फक्त पुलापलीकडे.

धड्यात मग रेघेच्या जागी बर्फ आला. फार लांबचा बर्फ, त्यावर एक अस्वल. अस्वल बिचारं कुठल्याच वॉर्डात मतदार नव्हतं आणि बर्फावर कुणाचे प्लॉट नव्हते, त्यामुळे धडा एकदम निर्विवाद झाला.

रंग वाळल्यावर मुलं सवयीनं भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि मग कुणाचं डोकं कशाच्या वर गेलं ते कुणाला कळेना. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या दिवशी घरी भूगोलसरांच्या 'अगं'ला उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. भूगोलसरांना ते लागलं, फार लागलं, पण मोठ्या कार्यात घरच्यांची साथ मिळत नाही हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं आणि त्यांनी त्याचाच आधार घेतला.

आता पाठिंबा वाढायला लागला. साहेबांनी पुस्तिका छापून पाठवल्या. मुखपृष्ठावर साहेब, आत अस्वल. चार दिवसांत ताईंच्या आल्या. मुखपृष्ठावर ताई, आत तेच अस्वल. आधी कुणाच्या वाटायच्या, यावरून दोन्हीकडचे कार्यकर्ते हेडसरांच्या खोलीत एकमेकांच्या अंगावर धावून गेले. हेडसरांनी घाम पुसत ठरवलं की या विषयाचा ठराव नगरपालिकेच्या सभागृहात सर्वानुमते पास होईपर्यंत कुणाच्याच वाटायच्या नाहीत, तोवर गठ्ठे शाळेत ठेवायचे. ओल लागू नये म्हणून वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावर मोडक्या बाकांची ती एकच खोली होती, बाकी सगळी उघडी गच्ची. बाकं परसात टाकली गेली. म्हणजे बाई दोन वर्षं जे मागत होत्या ते एका सकाळीत झालं, खोली रिकामी झाली, आणि दुपारपर्यंत पुस्तिकांनी छतापर्यंत भरली.

राहता राहिली किल्ली. ती साहेबांच्या माणसाकडे द्यायला ताई तयार नव्हत्या आणि ताईंच्या माणसाकडे द्यायला साहेब. हेडसर किल्लीला हात लावायला तयार नव्हते. मग दोन्ही बाजूंनी एकमतानं भूगोलसरांचं नाव घेतलं. तटस्थ माणूस. भूगोलसरांचा ऊर भरून आला. त्यांनी किल्ली कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि त्या दिवसापासून ते उन्हातही कोट घालून हिंडू लागले.

बाईंनी एकदाच विचारलं. इतक्या दिवसांनी त्या आपणहून बोलल्या म्हणून भूगोलसरांना बरं वाटलं, पण त्यांनी विचारलं ते हे : खोलीतला एक कोपरा तरी मोकळा करून द्याल का, पाऊस वाढलाय, मोरी रोज वर येतेय. भूगोलसरांनी समजावून सांगितलं की एक गठ्ठा हलला तरी त्यांच्या तटस्थपणाला बाध येईल. ठराव होऊ दे, पंधरवड्याचा प्रश्न आहे. पंधरवडा संपला, दुसरा संपला. एका सभेला गणसंख्या भरली नाही. एका सभेत पाठिंब्याचं भाषण आधी कुणी करायचं यावरून सभात्याग झाला, तोही दोन्ही बाजूंनी, त्यामुळे सभागृहात फक्त अध्यक्ष उरले.

बाईंनी मग काही मागितलं नाही. त्यांनी एक लांब दोरी आणली, तिला थोड्या थोड्या अंतरावर गाठी मारल्या आणि एक खेळ सुरू केला. बाईंनी टाळी वाजवली की प्रत्येकानं आपली गाठ पकडायची आणि रांगेनं जिना चढून वर जायचं, न पळता, न रडता. बंद खोलीच्या दाराला हात लावायचा आणि परत खाली यायचं. रोज. बोळकीची गाठ पहिली होती, कारण ती घाबरत नसे. एकदा भूगोलसरांनी वरून हे बघितलं आणि शिक्षकांच्या खोलीत हसत हसत म्हणाले की बालवर्गाच्या बाईंनी स्वतंत्र विषय काढलाय, त्याला अजून कुणाचा पाठिंबा नाही. सगळे हसले. बाईही तिथेच होत्या. त्या हसल्या नाहीत.

अखेर सभेचा दिवस ठरला. आठवडाभर पाऊस थांबला नव्हता, पण दोन्ही बाजूंना ही तारीख सोडायची नव्हती. गॅलरीत टाळ्या वाजवायला शाळेचे वरचे सगळे वर्ग नेले गेले, हेडसर आणि सगळे शिक्षकही. बालवर्ग रडेल, भाषणात व्यत्यय येईल, म्हणून बालवर्ग तेवढा शाळेत राहिला आणि बाई राहिल्या. निघताना भूगोलसरांनी पुलावरून नदी बघितली. पाणी पुलाच्या पोटाला लागायला आलं होतं, गढूळ आणि घाईत. धड्यात याच्यावर एक परिच्छेद होता, तो साहेबांच्या सूचनेवरून गेला होता. काय सुंदर उदाहरण झालं असतं, असं भूगोलसरांच्या मनात आलं. एवढंच आलं. या गोष्टीची पुढे त्यांना इतकी लाज वाटली की ते त्या पुलावरून जायचे थांबले.

साहेब बोलले. ताई बोलल्या. साहेबांनी ताईंच्या पाठिंब्याचं स्वागत केलं, तर ताई पुन्हा उठल्या आणि मूळ पाठिंबा आपलाच असल्याचं त्यांनी तारखेनिशी सांगितलं. मध्येच कुणीतरी अध्यक्षांच्या हातात एक चिठ्ठी दिली. अध्यक्षांनी ती वाचली आणि म्हणाले, खालच्या भागात थोडं पाणी आल्याचं कळतं, तरी सदस्यांनी भाषणं आटोपती घ्यावीत. तरी चार सदस्य बोलले. ठराव सर्वानुमते पास झाला. बाकं वाजली. गॅलरीतल्या मुलांनी सांगितल्याप्रमाणे टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वर बघून भूगोलसरांना हात केला, सगळं सभागृह मागे वळून बघायला लागलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा इतक्या लोकांसमोर उभं राहून नमस्कार करताना भूगोलसरांचा हात छातीवर गेला. तिथे किल्ली होती.

ते किती जणांना ढकलून बाहेर पडले ते त्यांना आठवत नाही. फोन लागत नव्हता. पूल बंद झाला होता. वरच्या रस्त्यानं वळसा घालून ते धावले, कोट भिजून जड झाला तरी काढायचं सुचलं नाही. शाळेच्या आधीच्या वळणावर रस्ता संपून पाणी सुरू होत होतं. अग्निशमन दलाची होडी मुलांना न्यायला निघाली होती, त्यात ते कुणाला न विचारता चढले.

शाळेचं फाटक पाण्याखाली होतं. अंगणभर पुस्तिका तरंगत होत्या, साहेब आणि ताई, शेजारी शेजारी, आकाशाकडे बघत हसत. होडी जिन्याला लागली तेव्हा अर्धा जिना बुडालेला होता. वर खोलीचं दार सताड उघडं होतं. कडी उखडून लोंबत होती आणि शाळेच्या घंटेचा हातोडा खाली पडला होता. आत मुलं गठ्ठ्यांवर बसली होती, प्रत्येकाच्या हातात आपापली गाठ. बाई खिडकीखाली भिंतीला टेकून बसल्या होत्या. एक पाय लांब केलेला, घोट्यापाशी निळा पडून सुजलेला. पोरांना बसायला जागा करायची म्हणून त्या एकटीनं गठ्ठे उचलून खिडकीतून फेकत राहिल्या होत्या आणि वरची रास त्यांच्या पायावर कोसळली होती.

त्यांनी भूगोलसरांकडे बघितलं. कोटाकडे बघितलं.

"किल्ली आणलीत?" त्यांनी विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. त्या इतक्या दमल्या होत्या की त्यांना खरंच वाटलं असावं, कुलूप अजून उघडायचं आहे. भूगोलसरांना रडू कोसळलं. मुलांसमोर, अग्निशमन दलासमोर, दाराला धरून ते रडले.

सगळी मुलं सुखरूप घरी गेली. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण पाठिंबा अजून संपला नव्हता.

पाणी ओसरलं आणि चौकशी बसली. मुलं कशी वाचली याची नाही, त्यात चौकशी करण्यासारखं काही नव्हतं. ती हवामान शिक्षणाच्या जागृतीमुळे वाचली असं साहेबांनी आणि ताईंनी वेगवेगळ्या सभांत जाहीर केलं होतं. चौकशी पुस्तिकांची होती. फेकलेल्या पुस्तिकांत आपल्या जास्त होत्या, अशी दोन्ही बाजूंची तक्रार होती. मुलांना साहेबांवर बसवलं की ताईंवर, आणि पाण्यात कुणाला टाकलं, हे समितीनं बाईंना तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं. प्लास्टर घातलेला पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून बाई म्हणाल्या, "जे हाताला लागलं ते टाकलं."

हे उत्तर दोन्ही बाजूंना सारखंच झोंबलं. साहेबांच्या लोकांना वाटलं यात साहेबांचा अपमान आहे, ताईंच्या लोकांना वाटलं ताईंचा. इतक्या दिवसांनी पुन्हा एकदा एकमत झालं. भूगोलसर उठून म्हणाले की दोष माझा आहे, किल्ली माझ्या खिशात होती, मी ती घेऊन सभेला गेलो. समितीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि लिहून घेतलं की किल्ली शेवटपर्यंत सुरक्षित ताब्यात होती, याबद्दल संबंधित शिक्षक अभिनंदनास पात्र आहेत. कुलूप मात्र विनापरवाना तोडलं गेलं. बाईंची बदली झाली. लांब, डोंगरापलीकडच्या शाळेत, जिथे नदीच नव्हती. आठवड्याला एकदा घरी यायचं म्हटलं तरी दिवस जाईल इतक्या लांब.

हेडक्लार्क जिन्यात म्हणाले, आता बदलीविरुद्ध पाठिंबा गोळा करा. भूगोलसर खुर्चीला वळसा घालून वर गेले.

बाई गेल्या त्या सकाळी कुबडी सांभाळत बॅग भरत होत्या. भूगोलसर म्हणाले, मी राजीनामा देतो. बाई म्हणाल्या, "तुम्ही राजीनामा दिलात तर त्या पोरांपाशी कोण राहणार? दोरी खुंटीला आहे. रोज खेळायला लावा." घरात त्यानंतर इतकी शांतता झाली की भूगोलसर भिंतीवरच्या घड्याळालाही 'अगं' म्हणायचे.

ठरावाची अंमलबजावणी मात्र झपाट्यानं झाली. विषय लागू झाला. भूगोलसरांची त्याचे शिक्षक म्हणून नेमणूक झाली. शाळेला पुन्हा रंग दिला गेला, कारण नव्या पाण्यानं नवी रेघ ठेवली होती आणि उद्घाटनाला पाहुणे येणार होते. वरच्या खोलीला नवी कडी, नवं कुलूप बसलं. पुस्तिकांची नवी आवृत्ती आली, ती तिथेच रचली, कारण आधी कुणाची वाटायची हे अजून ठरायचं होतं. आणि तटस्थ माणूस म्हणून नवी किल्ली भूगोलसरांकडे आली. त्यांनी ती नको म्हणून पाहिलं. हेडसर म्हणाले, मग ती मी साहेबांकडे पाठवतो. तेव्हा भूगोलसरांनी घेतली.

पहिला तास त्यांनी बालवर्गावर मागून घेतला. उद्घाटनाचे पाहुणे हेडसरांच्या खोलीत चहा घेत होते आणि सत्काराला भूगोलसरांची वाट बघत होते. वर्गात रंगाचा वास होता. खुंटीला दोरी होती. मुलं सतरंजीवर बसली होती, काही नवी, बरीचशी तीच. भूगोलसरांनी अस्वलाचं चित्र टेबलावर उलटं ठेवलं. मग खिशातून कोळसा काढला. नवी रेघ कुठे होती ते रंगाच्या आड त्यांना नीट ठाऊक होतं, रंगारी येण्याआधी ते तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले होते. त्यांनी एका भिंतीच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोळशानं ती ओढली. वाकडी आली. त्यांच्या खांद्याला लागत होती.

"या," ते म्हणाले, "पाठ लावून उभे राहा. पाणी कुठवर आलं होतं ते हातानं दाखवा."

मुलं उभी राहिली. कपाळावर हात ठेवायची सवय होती, तो ठेवला, मग वर बघितलं आणि हात वर केले. बोळकीनं टाचा उचलल्या, बोटं ताणली. तिला आता एक दात आला होता. बोटं रेघेच्या खालीच राहिली.

"पोचत नाही, सर," ती म्हणाली.

भूगोलसरांना पुढचा प्रश्न विचारायचा होता. पुढच्या वेळी कुठवर येईल, हा त्यांनीच लिहिलेला प्रश्न होता, आणि त्याच्यासाठी त्यांनी एवढं सगळं केलं होतं. तो त्यांच्या तोंडून निघेना. बोळकीनं हात खाली घेतला आणि जिन्याच्या दिशेनं बघितलं. काहीतरी आठवून ती त्यांच्याकडे वळली.

"सर, वरच्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे?"

सगळी मुलं त्यांच्याकडे बघायला लागली. दारात हेडसरांचा शिपाई येऊन उभा राहिला होता, पाहुणे खोळंबले आहेत, साहेबांनी बोलावलंय, असं सांगत.

"माझ्याकडे," भूगोलसर म्हणाले.

बोळकीनं जरा विचार केला. मग तिनं त्यांच्या कोटाचं टोक मुठीत धरलं, जशी ती दोरीची पहिली गाठ धरायची तसं.

"मग तुम्ही आता कुठे जाऊ नका," ती म्हणाली.

शिपाई दारात थांबला होता. भूगोलसर सतरंजीवर बसले.